शाळूचा हिशेब

गेली अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि पंतकवींचा पेपर पहिल्या वर्षापासून माझ्या गळ्यात आहे. दर जुलैत फळ्यावर ‘मोरोपंत (१७२९–१७९४), बारामती’ अशी अक्षरे काढायची, दोन शब्द बाबूजी नाईकांच्या आश्रयाविषयी बोलायचे आणि आर्येच्या मात्रा मोजायला लागायचे, हा शिरस्ता. गेल्या वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, बारामती कशी आहे हो? तुम्ही जाऊन आला असाल ना?” मी खोटे बोललो नाही, ‘त्या बाजूने जाणे होते’ इतकेच म्हणालो. एसटीच्या खिडकीतून बारामतीचे स्थानक मी पंचवीस वेळा पाहिले असेल, पण कऱ्हेच्या काठी म्हणून कधी उतरलो नव्हतो.

त्याच सुमारास इंदापूरहून आत्याचा फोन आला. “हुरड्याला ये. आन येताना एक वही घिऊन ये. हिशेब मांडायचाय.”

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय पंचाहत्तरच्या पुढे, दृष्टी उत्तम, जीभ त्याहून उत्तम. मी एम.ए. झालो तेव्हापासून ती मला ‘मास्तर’ म्हणते. तो मान आहे की थट्टा, याचा उलगडा अजून झालेला नाही. मराठीच्या माणसाकडून हिशेब मांडून घेण्याची बुद्धी तिला का व्हावी हेही कळेना. पण हुरडा, आत्या आणि मोरोपंत असा त्रिवेणी संगम पुन्हा येणार नव्हता. नाताळच्या सुटीत निघालो.

स्वारगेटहून सासवड, जेजुरी करीत गाडी मोरगावला आली. मयूरेश्वराला खिडकीतूनच हात जोडले. येथून बारामती तालुका सुरू झालेला असतो. पण बारामती म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे जो हिरवागार ऊस उभा राहतो, त्याचा येथे मागमूस नाही. मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा सगळा जिरायत पट्टा. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, तोही आला तर. माळावर मेंढरे, उताराला ताली घातलेल्या, आणि तालींच्या पोटाला जिथे चार बोटे काळी माती साठली असेल तिथे शाळू. डिसेंबरच्या अखेरीस तो कमरेच्या वर आलेला होता. कुठे पोटरीत, कुठे निसवलेला. वाऱ्याने एका दिशेला कलला की पानांची खालची फिकी बाजू दिसे आणि सगळे वावर क्षणभर रंग बदली.

गाडीने एक उतार घेतला आणि चित्र पालटले. कालवा आला. एका तालुक्यात दोन मुलूख नांदतात ते असे. कालव्याच्या वर भाकरी, कालव्याच्या खाली साखर.

बारामतीत उतरलो आणि आधी कऱ्हेकडे गेलो. पंतांच्या वास्तव्याच्या खुणा पाहिल्या, नाईकांच्या गढीच्या भिंती पाहिल्या. गाव आता इतके मोठे आणि टापटिपीचे झाले आहे की अठराव्या शतकातील पुराणिक शोधायला कल्पनेला पुष्कळ चालावे लागते. मला मात्र एका साध्याच गोष्टीने गाठले. पंत वारले १७९४ साली आणि नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले १८८५ साली. म्हणजे पंतांनी अष्टोत्तरशे रामायणे रचली ती जिरायत बारामतीत. पाटाचे पाणी त्यांच्यामागून एक्याण्णव वर्षांनी आले. ‘केकावली’ शिकवताना मी आजवर आजूबाजूला ऊस गृहीत धरीत होतो, हे ध्यानात येऊन माझे मलाच हसू आले.

त्या कालव्याची हकिगत मोठी विलक्षण आहे. १८७६-७७च्या भीषण दुष्काळात लोकांना काम द्यावे म्हणून जी कामे निघाली, त्यांत याची खोदाई सुरू झाली. हेतू असा, की पुन्हा पाऊस चुकला तर ज्वारी वाचावी. भाटघरला धरण झाले, पाणी दाराशी आले, आणि शेतकरी ते घेईनात! सरकारी इंजिनियर कपाळाला हात लावून बसले. पण शेतकऱ्याचे काय चुकले? पाऊस बरा झाला तर काळ्या रानात शाळू आपसुक येतो; मग पाणीपट्टी कशाला भरायची? ज्वारीसाठी आणलेले पाणी अखेर ज्वारीने घेतलेच नाही. ते घेतले उसाने. सासवडकडच्या माळी मंडळींनी या पाटावर उसाची शेती नावारूपाला आणली, पुढे वालचंदनगरचा कारखाना झाला, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि दुष्काळावरचा उतारा म्हणून निघालेला कालवा साखरेचा राजमार्ग झाला.

त्याची किंमतही लवकरच कळली. पाणी मुरले, निचरा झाला नाही, आणि खोलगट रानांत जमिनीतले क्षार वर आले. १९१० साली, म्हणजे कालवा अवघा पंचवीस वर्षांचा असताना, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी एका मराठी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खारट जमिनींवर एक पुस्तिकाच काढली. बारामतीहून इंदापूरच्या गाडीत बसल्यावर एकदोन ठिकाणी ती पांढरी कळा माझ्याही नजरेस पडली. उसाच्या हिरव्या भिंतीच्या पायाशी, मीठ सांडावे तसा पट्टा. शेजारचा प्रवासी म्हणाला, “चोपण झालंय ते. तिथं आता काय येत न्हाई.”

शेतीवरचे वाचलेले एक वाक्य मला तेव्हा आठवले: खारट जमिनीत तग धरणाऱ्या तृणधान्यांत सातूचा नंबर पहिल्यांत लागतो. सातू म्हणजे आपला जव, संस्कृतातला यव. गंमत अशी, की आपल्या घरांतून ‘सातूचे पीठ’ अजून होते, मुले गूळदूध घालून ते खातात. पण त्यात बहुतेक वेळा भाजलेले गहू आणि डाळेच असतात, सातूचा दाणा औषधालाही नसतो. पीक राजस्थान-उत्तर प्रदेशात राहिले, नाव आमच्याकडे राहिले. विलायतेत वसंतात पेरतात तो जव काय किंवा आमचा हस्ताच्या आगेमागे पेरलेला शाळू काय, दोन्हींची गत एकच. थोड्या पाण्यावर येणारे, थोडक्यात भागवणारे धान्य. आणि म्हणूनच ‘परवडते का?’ हा प्रश्न दोघांच्याही मागे सारखा लागलेला. माळेगाव खुर्दला २००९ पासून केंद्र सरकारची एक मोठी संस्था आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता असल्या ताणांत पिके कशी जगतील याचाच तिथे अभ्यास चालतो. माळरान फोडून तिची शेते केली आहेत. जागा अचूक निवडली म्हणायची!

इंदापूरची वाट म्हणजे तुकोबांच्या पालखीची वाट. सणसर, बेलवडी, निमगाव केतकी. बेलवडीला आषाढीच्या वारीतले पहिले गोल रिंगण होते. आता रस्ता ऐसपैस झाला आहे आणि त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचे रिंगण अहोरात्र चाललेले असते. बैलगाड्या अजून आहेत. त्यांवर मोळ्यांच्या शेंड्याला एखादे मूल झोपलेले. ही मंडळी बीड-नगरकडची, आणि त्यांच्या स्वतःच्या रानात त्या वेळी बहुधा शाळूच उभा असतो.

आत्याचे गाव भीमेच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही. घरचा हिशेब छापलास म्हणून ती रागावेल. तिच्या सासरची खरी जमीन नदीकाठची, पुरुषभर खोल काळी. ती उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली. धरण १९८० साली पुरे झाले. आत्या लग्न होऊन आली तेव्हा त्या रानात शाळूची ताटे घोड्यावरच्या माणसाला झाकीत, असे ती सांगते. घोड्यावर कोण बसले होते ते विचारू नये. उरले ते वरच्या अंगाचे चार एकर, मध्यम काळे. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते घर त्या चार एकरांवर, दोन म्हशींवर आणि माझ्या आतेभावाच्या एका लहानशा नोकरीवर चालले.

आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, यंदा नोकरीतून मोकळा होणार होता. उजनीच्या फुगवट्यातून अडीच किलोमीटर पाइपलाइन आणून चारही एकर उसाखाली घ्यायचे त्याने ठरवले होते. सहा लाखांचे कर्ज. सातबाऱ्यावर नाव आत्याचे, तेव्हा सही तिची. आणि आत्या म्हणत होती, “मास्तर हिशेब मांडू दे, मग बघू.”

हुरड्याच्या रात्री आधी कुणी हा विषय काढला नाही. आगटीत गोवऱ्यांचा जाळ निवून लालभडक इंगळ झाले होते. कणसे खुपसायची, दाणा फुटायच्या आत काढायची आणि तळहातावर चोळायची. ते काम वहिनीचे, आपले नव्हे. मी एकदा केले आणि फुंकर घालीत बसलो. खाण्यासाठी एका कडेला गूळभेंडीच्या दोन ओळी मुद्दाम लावल्या होत्या. बाकी सगळे रान मालदांडी. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेली ही मालदांडी ३५-१. तिच्यानंतर राहुरीच्या विद्यापीठाने वसुधा, रेवती, सुचित्रा, अनुराधा अशा कितीतरी जाती दिल्या, हलक्या-भारी रानाप्रमाणे. पण भाकरीच्या चवीला अजून मालदांडीचाच दाखला देतात. मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर वही उघडली. शाळू परवडतो की नाही हे त्याच्या भावात नसते, तो कसा केला यात असते, हा आत्याचा पहिला मुद्दा. तिची शेती ऐकण्यासारखी होती. आषाढात उताराला आडवे चौकोनी वाफे पाडायचे, म्हणजे पडलेला थेंब रानातच मुरतो. पेर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उशीर झाला की खोडमाशी पोंगे खाते. बी एकरी चार किलो, त्याला गंधक चोळायचे, नाहीतर कणसात काणी. दोन ओळींत दीड फूट. मग तीन कोळपण्या: पहिली तण मारायला, दुसरी माती हलवायला, आणि तिसरी दातेरी कोळप्याने जमिनीच्या भेगा बुजवायला. “भेग म्हंजी चुलीचं धुराडं. सगळी वल वर जाती,” आत्या म्हणाली. आणि कुठून एक पाणी मिळालेच, तर ते पोटरीत असताना द्यायचे. त्या एका पाण्याने पीक दीडपट होते.

मग आकडे. ते दादाने सांगितले, मी लिहिले. आदल्या वर्षी एकरी सहा क्विंटल. मालदांडीचा त्या हंगामाचा हमीभाव ३४२१ रुपये. बाजारात कधी वर, कधी पुष्कळ खाली. हमीभावानेच धरू, वीस हजार पाचशे. कडबा एकरी पाचशे पेंढ्या, शेकड्याला दोन हजार, म्हणजे दहा हजार. नांगरट, पाळ्या, बी, पेर, कोळपण्या, काढणी, मळणी मिळून खर्च सोळा-सतरा हजार. हाती तेरा-चौदा हजार.

ऊस: एकरी पंचेचाळीस टन. सरकारने २०२४-२५च्या हंगामासाठी ठरवलेला दर सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३४०० रुपये, पण त्यातून तोडणी-वाहतूक जाते. हाती तीन हजार धरा. एक लाख पस्तीस हजार. खर्च पंचाहत्तर हजार. शिल्लक साठ हजार, सोळा महिन्यांची. वर्षाची केली तर पंचेचाळीस. “बघ मास्तर,” दादा म्हणाला. तोही आता मला मास्तर म्हणू लागला होता.

मी बघितले. तिपटीहून जास्त. मग कर्जाचा हप्ता मांडला. सहा लाख, पाच वर्षे. व्याजासकट वर्षाला दीड-पावणेदोन लाख, म्हणजे एकरी चाळीस हजार. पंचेचाळीसांतून चाळीस गेले, राहिले पाच. पहिली पाच वर्षे ऊस हप्त्यासाठीच वाढणार होता. आणि त्यातही पाणी असेल तर. २०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते, शहरातली माणसे ते पाहायला मोटारी घेऊन येतात, आणि इथली माणसे पाण्यामागे आपल्या मोटारी चिखलातून पुढे सरकवीत राहतात.

“पाच वर्षांनी काय?” दादा म्हणाला. “पाच वर्षं काय आयुष्य आहे का? पुढचं सगळं घरात येतं की.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वहीत ते स्वच्छ दिसत होते.

आत्या इतका वेळ तांदूळ निवडीत होती. (होय, तांदूळ, पाहुणा आला म्हणून.) तिने वर न बघता विचारले, “आन आमी खाल्ल्याली जोंधळं कुटं लिवलीस?”

मी वही चाळली. चोवीस क्विंटलपैकी सहा क्विंटल घरी खाल्ले होते. ते आम्ही विक्रीच्या भावाने धरले होते. पण तीच ज्वारी दुकानातून आणायची झाली तर? पुण्यात मी स्वतः किलोला पन्नास-साठ मोजतो. कडब्याचेही तसेच. निम्मा कडबा विकला नव्हता, म्हशींनी खाल्ला होता, आणि दूध डेरीला गेले होते. उन्हाळ्यात चारा संपला की कडब्याची किंमत शेकड्यावर राहत नाही, गोठा राहतो की मोडतो यावर जाते. आत्याने १९७२ पाहिलेला आहे. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो तिने रांगेत उभी राहून आणलेली आहे. “डुकरांचं खानं म्हनायची लोकं. खाल्लं. पन घरात जोंधळं असतं तर खाल्लं नसतं,” ती म्हणाली. मी घरच्या ज्वारीपुढचा आकडा खोडून दुप्पट केला, अर्धा कडबा दुधाच्या खात्यावर नेला. शाळूची बाजू बरीच वर आली. आत्याने तांदळातला एक खडा टाकून दिला.

तेवढ्यात दादा शांतपणे म्हणाला, “मग तुझी मजुरी पण लिहू दे की त्याला.”

कुणी बोलेना. राखणीचे चाळीस दिवस पहाटेपासून माळ्यावर आत्या होती, गोफण घेऊन. वेचणी, निवडणी, पेंढ्या मोजणे, सगळे तिचे आणि वहिनीचे. दिवसाला बाईमाणसाची जी मजुरी गावात चालते, त्या दराने ते लिहिले तर शाळूची बाजू पुन्हा खाली गेली. इतकी खाली, की मी बेरीज मोठ्याने वाचली नाही. पंचाहत्तर वर्षांच्या बाईची फुकट राखण धरूनच तो शाळू परवडत होता. दादाला तेच सांगायचे होते, आणि रागाने नव्हे. “आई पडली तर राखणीला कोण? ऊस पाखरं खात नाहीत,” तो म्हणाला.

मी वही मिटली. निकाल देण्याची माझी लायकी नव्हती. बेरजेत मी दोनदा चुकलो होतो, तेही दादानेच दाखवले. वाचकहो, २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले तेव्हा आमच्या कॉलेजात मी ज्वारीवर पंधरा मिनिटांचे भाषण दिले होते. टाळ्याही पडल्या होत्या. ते भाषण त्या ओसरीवर आठवले आणि मला पाणी प्यावेसे वाटले.

फाल्गुनात काढणीला पुन्हा गेलो. हे कुणी बोलावले नव्हते. शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताट धरायचे, कमरेतून झटका द्यायचा, टाचेवर धसकट आपटून माती झाडायची. आठ बायका आणि दोन गडी उक्ते घेऊन आले होते. सकाळी सहाला, दवाने ताटे जरा नरम असतात म्हणून. मी एक ओळ धरली. अर्धी झाली तोवर तळहाताला दोन फोड आले आणि माझ्या शेजारची बाई चौथ्या ओळीला लागली होती. तिने माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. दादा म्हणाला, “ही माणसं मिळतात तोवर शाळू. ह्यांच्या पोरी येणार नाहीत उपटायला. आणि का यावं त्यांनी?” यंत्रे निघाली आहेत, पण कडबा आखूड पडतो म्हणून गावात त्यांना अजून मान नाही.

तीन दिवसांनी कणसे खुडली, मळणीयंत्र आले आणि तासाभरात सगळे आटोपले. आत्या म्हणाली की पूर्वी यालाच महिना लागे, खळ्यावर जेवणे होत. ती ते दुःखाने म्हणाली नाही. पीक त्या वर्षी एकरी सातवर गेले. कडब्याची गंज घराच्या मागे, घराहून उंच. येताना मला वीस किलोचे पोते दिले. ते एसटीच्या टपावरून नव्हे, मांडीवरून आणले.

पुढे मेअखेरीस, भलत्याच वेळी, बारामती-इंदापुरात पाऊस कोसळला; बारामतीजवळ कालवा फुटल्याच्या बातम्या आल्या. पावसाळाभर पाणी पडतच राहिले. सप्टेंबरच्या शेवटी फोन केला तेव्हा आत्याने सही केल्याचे कळले. कर्ज साडेतीन लाखांवर आणले होते. शेजारच्या एकाबरोबर पाइप भागीत घेतला होता. अडीच एकर ऊस. दीड एकर, वरच्या अंगाचा, शाळूला ठेवलेला, आणि त्याला पोटरीत एक पाणी द्यायचे दादाने कबूल केले होते. राखणीला म्हणून दादा स्वतः माळ्यावर बसणार होता. “बसंल दोन दिस,” आत्या म्हणाली.

“पेर झाली का?” मी विचारले.

“कशाची पेर! रानात पाय ठरंना. वाफसाच न्हाई. हस्त चाललाय निघून.” मग जरा थांबून, “पंधरा दिस हायती अजून. हुरड्याला ये.”

वहीचे नाव तिने काढले नाही.